सकाळचं विमान बंद झालं, आता घर हलवायचं का?

(पत्र थोडक्यात दिलं आहे. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.)

प्रश्न : माझं वय ४६. एका लहान शहरात माझं आणि माझ्या भागीदाराचं वर्कशॉप आहे. पॅकिंगच्या यंत्रांचे सुटे भाग आम्ही बनवतो. गिऱ्हाईक जवळजवळ सगळं महानगरात. नऊ वर्षांपूर्वी आमच्या शहरातून विमान सुरू झालं, तेव्हापासून आठवड्यातून दोनदा सकाळी पावणेसातच्या विमानाने जायचं आणि रात्रीच्या विमानाने घरी झोपायला यायचं, असा माझा क्रम होता. त्या वेळी पत्नीला महानगरात चांगली नोकरी मिळत होती. ‘विमान आहे ना आता, मग इथंच राहू’ असं मीच म्हणालो आणि तिने ती नोकरी सोडून दिली. या हंगामात कंपनीने सकाळचं आणि रात्रीचं अशी दोन्ही उड्डाणं बंद केली. आता आठवड्यातून तीन दिवस, भर दुपारी, एकच विमान. आमचं विमान कायम भरलेलं असायचं. तरीही बंद केलं, हा मला विश्वासघात वाटतो. सध्या मी साडेचार तास गाडी चालवून मोठ्या विमानतळावर जातो. रात्री दीडला निघतो आणि दुसऱ्या रात्री दोनला घरी पोचतो. गेल्या महिन्यात परतताना गाडी कडेच्या खडीवर गेली तेव्हा जाग आली. घरी हे सांगितलेलं नाही. मुलीच्या शाळेची दोन वर्षं राहिली आहेत, आई ७४ वर्षांची आहे. भागीदार म्हणतो, एक तर तू तिकडे राहायला जा, नाहीतर तिकडचं काम सोडू. घर हलवू की धंदा सोडू?

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा मलाही तो विमानाचाच प्रश्न वाटला. दुसऱ्यांदा वाचताना ‘खडीवर गेली तेव्हा जाग आली’ या वाक्याशी थांबले. तुम्ही ते ओझरतं लिहून लगेच मुलीच्या शाळेकडे वळलात. मला मात्र तिथूनच सुरुवात करावी लागेल, कारण बाकीचे सगळे प्रश्न तुम्ही धडधाकट घरी पोचता हे गृहीत धरून आहेत.

जरा तास मोजू. दीडला निघायचं म्हणजे एकला उठायचं. आदल्या संध्याकाळी कितीही लवकर आडवं झालात तरी झोप तीन तासांच्या वर जात नसणार. मग साडेचार तास गाडी, विमान, दिवसभर गिऱ्हाइकांकडे फिरणं, परतीचं विमान आणि पुन्हा साडेचार तास गाडी. घराच्या दाराशी येता तेव्हा तुम्हाला उठून चोवीस तास उलटून गेलेले असतात. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाचं लक्ष आणि हाताची चपळाई, रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी घसरते. चोवीस तासांनंतर ती घसरण ०.१० टक्क्याच्या आसपास जाते. १९९० च्या दशकापासून प्रयोगांत हे दिसत आलं आहे. युरोपातल्या बऱ्याच देशांत ०.०५ ही गाडी चालवण्याची कायदेशीर मर्यादा आहे. म्हणजे थेंबभरही न पिता तुम्ही त्या मर्यादेच्या दुप्पट अवस्थेत, अंधारात, महामार्गावर असता. त्यात मध्यरात्रीनंतर दोन ते सहा ही वेळ अशी, की शरीर आपणहून झोपेकडे ओढत असतं. तुमची जाण्याची फेरी नेमकी त्याच वेळेत बसते.

काच खाली करून किंवा गाणी मोठ्याने लावून झोप जात नाही, गेल्यासारखी वाटते. कॉफीचा परिणाम व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि तोही फार काळ टिकत नाही. झोपेवर उतारा झोपेचाच. ‘तात्पुरतं चाललंय’ असं तुम्ही स्वतःला सांगत असाल, पण आठवड्याला दोन फेऱ्या म्हणजे अठरा तास रात्रीचं ड्रायव्हिंग. एवढं काम कोणी पगार देऊन करून घेतलं असतं तर तुम्हीच त्याला विचारलं असतं की मधे झोपतोस कधी. म्हणून हा पर्याय आजच यादीतून काढून टाका. मोठ्या विमानतळावरूनच जाणं भाग असेल त्या दिवशी आदल्या संध्याकाळी तिथे पोचा, रात्रभर झोपा, आणि परतल्यावरही तिथेच मुक्काम करून सकाळी निघा. चालक ठेवला तरी त्याची झोप मोजावी लागेल. तो दिवसभर गाडीत ताटकळला असेल तर रात्री चाकामागे त्याचीही अवस्था तुमच्यासारखीच असणार.

आता विश्वासघाताबद्दल.

तुमचा संताप मला समजतो. नऊ वर्षं माणूस एखाद्या वेळेवर आपलं घड्याळ लावतो तेव्हा ती वेळ त्याला आपली वाटू लागते. पण विमानाचं वेळापत्रक वर्षातून दोनदा नव्याने मांडलं जातं. उन्हाळी हंगाम मार्चच्या शेवटच्या रविवारी सुरू होतो आणि हिवाळी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. म्हणजे तुमच्या नऊ वर्षांत हे उड्डाण सतरा-अठरा वेळा पुन्हा ठरवलं गेलं. प्रत्येक वेळी तो नवा निर्णय होता. तुम्हाला तो जाणवला नाही, कारण उत्तर दर वेळी ‘चालू ठेवू’ असं येत होतं.

‘भरलेलं होतं तरी बंद केलं’ हे वाक्य लहान शहरांतले बरेच प्रवासी म्हणतात, म्हणून त्यावर जरा थांबते. तुमच्या कंपनीने नेमकं काय पाहिलं हे तिलाच ठाऊक, पण सकाळचं विमान लहान शहरातून सुटायचं तर ते रात्रभर तिथे उभं राहावं लागतं. त्याला नाईट हॉल्ट म्हणतात. वैमानिक आणि केबिन क्रूचा मुक्काम, सुरक्षा, तंत्रज्ञ, हे सगळं एका विमानासाठी. सकाळी त्यात बिघाड निघाला तर सुटा भाग मुख्य तळावरून यायचा, आणि तेच विमान दिवसभरात पुढे पाच-सहा फेऱ्या करणार असल्याने त्या सगळ्यांचा खोळंबा. कंपनीने नाईट हॉल्ट काढून घेतला की विमान रात्री मोठ्या तळावर राहतं, सकाळची चांगली वेळ मोठ्या मार्गाला जाते आणि लहान शहराच्या वाट्याला दुपार येते. तुमच्याकडे जे घडलं ते हुबेहूब असंच दिसतं. खुर्च्या किती भरल्या हा त्या हिशेबाचा एक भाग झाला, ते विमान त्या तासाला दुसरीकडे किती कमावेल हा दुसरा. गर्दीच्या विमानतळावर उतरण्याची ठरावीक वेळ, म्हणजे स्लॉट, सत्तर खुर्च्यांच्या एटीआर या लहान विमानाला लागतो तसाच एकशे ऐंशी खुर्च्यांच्या विमानालाही एकच लागतो. आणि हंगामात ८० टक्के वेळा वापरला नाही तर स्लॉट हातचा जातो, असा जगभर रूढ नियम आहे. मग कंपनी त्या वेळी कोणतं विमान उतरवेल, हे तुम्ही धंदेवाईक माणूस म्हणून सहज ओळखाल.

कधी कारण कंपनीच्याही हाताबाहेरचं असतं. २०२३ मध्ये प्रॅट अँड व्हिटनीच्या काही इंजिनांचे भाग ज्या धातूच्या भुकटीपासून बनवले होते तिच्यात दोष सापडला आणि जगभर शेकडो विमानं तपासणीसाठी उभी करावी लागली. अमेरिकेत २०१३ पासून सहवैमानिकालाही साधारण १,५०० तासांचा अनुभव लागतो. करोनानंतर मोठ्या कंपन्यांनी लहान कंपन्यांचे वैमानिक ओढून घेतले आणि २०२२ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने टोलीडो, इथाका, डब्यूक अशा शहरांतली सेवा थांबवली. विमानं किंवा माणसं कमी पडली की कात्री आधी लहान मार्गाला लागते. हे न्याय्य आहे असं मी म्हणत नाही. लहान शहरात राहून काम उभं करणाऱ्याला दर वेळी आधी वगळलं जावं, याची मला मनापासून चीड येते. पण तुम्हाला व्यक्ती म्हणून कोणी दगा दिलेला नाही. हे वेगळं ठेवा, कारण दगा दिला असं धरून चाललात तर तुम्ही झाल्या गोष्टीची भरपाई शोधत बसाल. हाताशी असलेल्या वेळेत दुसरी व्यवस्था लावायची आहे.

भरपाईवरून आठवलं, म्हणून इथेच सांगते. युरोपात उड्डाण रद्द झाल्याची सूचना १४ दिवस आधी मिळाली तर नुकसानभरपाई मिळत नाही, भारतातही दोन आठवडे आधीच्या सूचनेचा तसाच नियम आहे. पण दोन्हीकडे पूर्ण परतावा किंवा पर्यायी उड्डाण, यातलं काय घ्यायचं हे प्रवासी ठरवतो. कंपनीने तुमचं सकाळचं तिकीट आपोआप दुपारच्या विमानात टाकलं असेल आणि ते तुमच्या कामाचं नसेल तर नाकारा आणि पैसे परत घ्या. पुष्कळ जण ‘स्वीकारा’वर बोट ठेवून मोकळे होतात.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येते. घर हलवू की धंदा सोडू?

घर हलवलंत, तर वर्कशॉप कुठे असेल? यंत्रं, कारागीर, भागीदार आणि बहुधा आईसुद्धा जिथे आहेत तिथेच राहणार. मग आठवड्यातून एकदा-दोनदा तुम्हाला उलट दिशेने यावं लागेल. त्याच दुपारच्या विमानाने, जे पुढच्या हंगामात राहील की नाही याची खात्री नाही. आज गिऱ्हाईक विमानापलीकडे आहे, उद्या वर्कशॉप आणि आई विमानापलीकडे जातील. अवलंबून राहणं तसंच राहील, फक्त दिशा बदलेल. भागीदाराने मांडलेला ‘हे किंवा ते’ असा पेच मला म्हणूनच खरा वाटत नाही. त्याने तो वाईट हेतूने मांडलाय असं नाही. तोही वैतागलेला असणार, आणि वैतागलेल्या माणसाला दोनच दारं दिसतात.

आणखी एक गोष्ट तुम्ही धरून चालला आहात: आठवड्यातून दोनदा गेलंच पाहिजे. का? पत्रात त्याचं कारण नाही. माझा तर्क असा, की विमान सकाळी जात होतं आणि रात्री येत होतं, म्हणून दोनदा ही संख्या ठरली. वेळापत्रकाने सवय लावली आणि हळूहळू ती धंद्याची गरज वाटू लागली. हे खोटं ठरवायची घाई करू नका, तपासून बघा. गेल्या तीन महिन्यांतल्या म्हणजे साधारण चोवीस फेऱ्या कागदावर उतरवा. प्रत्येकीपुढे लिहा, तिथे प्रत्यक्ष गेल्यामुळे असं काय झालं जे फोनवर, व्हिडिओवर किंवा माल पाठवून झालं नसतं. नवं गिऱ्हाईक पहिल्यांदा भेटलं, बसवलेला भाग यंत्रात अडकत होता आणि हाताने पाहावा लागला, पैसे थकले होते आणि समोर बसल्यावर निघाले, अशी नोंद जिथे होईल त्या फेऱ्या खऱ्या. ‘नेहमीप्रमाणे भेटून आलो’ एवढंच जिथे लिहाल त्या फेऱ्यांवर खूण करा.

सगळं व्हिडिओवर करा, असं मी सांगणार नाही. जाण्याला मोल असतं. अर्थशास्त्रज्ञ झेवियर जिरू यांनी २०१३ मध्ये अमेरिकेतल्या कारखान्यांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. नव्या विमानमार्गामुळे मुख्य कचेरीतून कारखान्यात पोचण्याचा वेळ कमी झाला तिथे कारखान्यातली गुंतवणूक ८ ते ९ टक्क्यांनी वाढल्याचं त्यात दिसलं. माणूस जाऊन डोळ्यांनी पाहतो तेव्हा फरक पडतो. तुमचं विमान गेल्याने खरं नुकसान झालं आहे, ते मनाचे खेळ नाहीत. प्रश्न एवढाच, की जाणं मोजकं आणि भरीव कसं करता येईल.

दुपारचं विमान मंगळवार, गुरुवार, शनिवार आहे असं धरू. मंगळवारी दुपारी गेलात, गुरुवारी दुपारी परतलात, तर मंगळवारची संध्याकाळची वेळ, अख्खा बुधवार आणि गुरुवारची सकाळ मिळते. कामाचे जवळजवळ दोन दिवस झाले. अशा महिन्याला दोन फेऱ्या म्हणजे चार रात्री बाहेर. पूर्वी एकही रात्र बाहेर नव्हती, पण महिन्यातले आठ-नऊ दिवस पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत तुम्ही घरात नव्हताच. हे दोन्ही कॅलेंडरवर शेजारी शेजारी मांडून मुलीला आणि आईला दाखवा. घरी किती असतो याचा आपला अंदाज आणि घरच्यांचा अंदाज यात फार अंतर असतं.

गिऱ्हाइकांनाही इकडे येऊ द्या. नऊ वर्षं तुम्हीच जात राहिल्याने त्यांनी कधी तुमचं वर्कशॉप पाहिलंच नसेल. वर्षातून एकदा ज्याला यंत्रावर भाग तयार होताना दिसतो तो पुढच्या तक्रारीला जरा वेगळ्या सुरात फोन करतो. शिवाय महानगरात अर्धवेळ काम करणारा एखादा अनुभवी माणूस, निवृत्त फिटर असला तरी चालेल, बसवणं आणि पहिली पाहणी करू शकतो. तुम्हाला हे पटायला जड जाईल. माझ्याशिवाय जमत नाही, असं स्वतःच्या हाताने धंदा उभा केलेल्या प्रत्येकाला वाटतं. पण त्या खडीवर गाडी आणखी दोन फूट पुढे गेली असती तर तुमच्याशिवायच जमवावं लागलं असतं. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, तरी लिहिते.

एवढं करूनही तिकडेच जास्त काम आहे असं निघालं, तर आधी एकट्याने तीन महिने तिथे खोली घेऊन राहून पाहा. मुलीची शाळा, आईचे डॉक्टर, पत्नीचं इथलं काम, हे सगळं एका हंगामाच्या वेळापत्रकापायी उपटू नका. हंगाम पाच-सात महिन्यांचा असतो आणि शाळेची ही दोन वर्षं तिला परत मिळणार नाहीत.

तुमच्यासारख्या इतरांसाठी थोडं विमानांबद्दलच लिहिते. उड्डाण बंद होण्याआधी बहुतेक वेळा खुणा दिसतात. पुढच्या हंगामाची तिकिटं इतर मार्गांवर खुली झाली आणि तुमच्या मार्गावर नाहीत. रोजचं विमान आठवड्यातून पाच दिवस झालं. वेळ सकाळहून साडेअकराकडे सरकली. यातली एक खूण दिसली की जागे व्हा, दोन दिसल्या तर पर्यायाची चाचणी सुरू करा. मार्ग सरकारी अनुदानावर चालू असेल तर अनुदानाची मुदत कधी संपते हे माहीत करून घ्या. भारतात लहान शहरांना विमानाने जोडणाऱ्या उडान योजनेतल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत, आणि सुरू झालेल्या ३७१ पैकी फक्त ११२ मार्गांनी सवलतीची तीन वर्षं पूर्ण केली. मार्च २०२३ पर्यंत त्यापुढेही टिकले ते ५४, असं नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२३ मधल्या अहवालात आहे. अनुदानाचं विमान जरूर वापरा, पण घर, शाळा, नोकरी असे दहा वर्षांचे निर्णय त्यावर टेकवू नका.

तिकिटं काढताना हंगामाच्या शेवटापलीकडची आगाऊ घेऊ नका. मोठ्या विमानतळावरून दुसरं विमान पकडायचं असेल तर दोन्ही उड्डाणं एकाच तिकिटावर घ्या. पहिलं उशिरा आलं आणि दुसरं चुकलं, तर एका तिकिटावर पुढची सोय कंपनीला करावी लागते. वेगवेगळ्या तिकिटांवर ती जबाबदारी तुमची होते. आणि येण्याजाण्याचं एकच तिकीट असताना जाताना रस्त्याने गेलात तर परतीची जागाही रद्द होऊ शकते, आधी विचारून घ्या.

सकाळचं विमान परत येऊ शकतं का? येऊ शकतं, पण ग्राहक सेवेकडे तक्रार करून नाही. तिथे बसलेल्या माणसाच्या हातात वेळापत्रक नसतं. ते ठरवणारा विभाग निराळा, नेटवर्क प्लॅनिंगचा, आणि त्याच्या तारखाही निराळ्या. गर्दीच्या विमानतळांवरच्या स्लॉटसाठी कंपन्या हिवाळी हंगामाचे अर्ज मेच्या मध्याला आणि उन्हाळी हंगामाचे ऑक्टोबरच्या सुरुवातीला देतात. तुमचं म्हणणं त्याच्या महिना-दोन महिने आधी पोचलं तर कुणी वाचेल. हंगाम सुरू झाल्यावर दिलेल्या निवेदनाचा उपयोग वर्तमानपत्रातल्या फोटोपुरता होतो.

आणि एकट्याने जाऊ नका. नऊ वर्षं त्या सकाळच्या विमानात तुमच्याबरोबर तेच वीस-पंचवीस चेहरे असणार. कोणी बँकेतलं, कोणी डॉक्टर, कोणी औषध कंपनीतलं. नावं माहीत नसतील, पण कोण कुठल्या खुर्चीवर बसतो ते तुम्हाला ठाऊक असेल. कंपनीच्या लेखी ती पंचवीस वेगवेगळी तिकिटं आहेत. एकत्र येऊन तुम्ही ती एक मागणी म्हणून मांडू शकता. स्थानिक उद्योजक संघटनेमार्फत एक साधा तक्ता करा: कोणती संस्था, आठवड्यातल्या कोणत्या दिवशी, किती जागा, वर्षभर. ‘सेवा पूर्ववत करा’ असं न लिहिता ‘आठवड्यातून दोन दिवस सकाळी नऊपूर्वी पोचणारं विमान द्या, इतक्या जागा आम्ही आगाऊ घेतो’ असं लिहा. अमेरिकेत विचिटा शहराने २००२ मध्ये असंच केलं. स्थानिक उद्योगांनी प्रवासाची आगाऊ हमी दिली, नगर प्रशासनाने महसुलाच्या तुटीचा काही भार उचलला आणि एअरट्रॅन कंपनी तिथे आली. युरोपात जिथे कंपन्या स्वतःहून उडत नाहीत तिथे सरकार सार्वजनिक सेवेचं बंधन घालून फेऱ्या आणि वेळासुद्धा ठरवून देऊ शकतं. आपल्या मार्गाला असा काही आधार मिळेल का, हे संघटनेने विचारायला हवं. यश मिळेलच असं मी सांगत नाही. मिळालं तरी एखाद-दोन हंगाम जातील, तोवर वरची दोन दिवसांची व्यवस्था चालू राहू द्या.

शेवटी पत्नीबद्दल. तुम्ही तिच्या नोकरीचा उल्लेख एका ओळीत केलाय, पण मला तरी सगळ्या पत्राखाली तीच ओळ ऐकू येते. ‘विमान आहे ना’ हा शब्द तुम्ही तिला दिला आणि आता विमान गेलं, म्हणून शब्द मोडल्याचं ओझं तुम्ही रात्री दीडला गाडीत घेऊन बसता आहात. पण तिला आज काय हवं आहे, हे तुम्ही विचारलेलंच नाही. नऊ वर्षांपूर्वी हवी असलेली नोकरी तिला आज हवी असेल, नसेलही. इथे तिने स्वतःचं काहीतरी उभं केलं असेल, आणि महानगरात जायचं म्हणजे ते दुसऱ्यांदा सोडायचं. तिच्यासाठी म्हणून घर हलवाल आणि तिच्या मनात तसं नसेल, तर तिच्या वाट्याला पुन्हा तेच येईल: निर्णय तुम्ही घेतलेला, किंमत तिने मोजलेली.

तेव्हा या आठवड्यातच तिच्याशी बोला. आधी खडीवरची ती रात्र जशी घडली तशी सांगा. ती चिडेल, कदाचित रडेल, दोन्ही होऊ द्या. लगेच पर्यायांचा कागद पुढे करू नका. ती शांत झाल्यावर विचारा की तिला कुठे राहायला आवडेल, आणि उत्तर लगेच नको म्हणावं. आणि पुढच्या आठवड्यातल्या दोन्ही मीटिंगा आजच फोन करून दुपारच्या विमानाच्या दिवसांवर घ्या. गिऱ्हाइकांनी कारण विचारलं तर सरळ सांगा, रात्रीची गाडी मी आता चालवत नाही.